भादव्याची तीज

९ जुलै २००८, बुधवार

आज साइट सुरू झाली. पहिला फोटो वर चढायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात माझी पोळ्यांची कणीक मळून झाली. पण चढला. पिवळा-गुलाबी लहरिया, म्हणजे लाटांसारख्या रेघांची बांधून रंगवलेली साडी, पुष्पाभाभींच्या गच्चीवर दोरीला लावलेला, मागे शास्त्रीनगरच्या पाण्याच्या टाक्या. टाक्या कापून टाकल्या.

कशासाठी हा खटाटोप, ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या दमले की वाचता येईल. पुष्पाभाभी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जोहरी बाजारात त्यांचं लहरियाचं दुकान आहे, बोळात, जेमतेम दोन गाद्या मावतील एवढं. भाईसाहबांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, फाल्गुनात पक्षाघात झाला, तेव्हापासून त्या स्वतः गादीवर बसतात. मे महिन्यात शहरात स्फोट झाले आणि बाहेरचं गिऱ्हाईक आटलं ते आटलंच. दुकानाची जागा जेठजींच्या, म्हणजे भाभींच्या थोरल्या दिरांच्या, नावावर. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, बडी तीज, म्हणजे इथल्या बायकांचा मोठा सण, होईपर्यंत थांबतो, दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर मोबाइलवाल्याला भाड्याने देणार. भाभींनी हे मला जिन्यात सांगितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. "घर में बैठ जाऊँगी तो ये भी मुझे नौकरानी समझेंगे और मैं भी," एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, गिऱ्हाईक येत नसेल तर आपण गिऱ्हाइकाकडे जाऊ. विनय हसला. इन्शुरन्सच्या माणसाला स्वतःच्या बायकोचा धोका पत्करता येत नाही. सांगलीत बारा वर्षं मी पोरांना गणित शिकवलं, त्याच्या बदलीपायी सोडलं. आकडे मला कळतात, बाकीचं शिकता येईल.

१५ जुलै, मंगळवार

गूगलवर जाहिरात टाकली. "अस्सल जयपुरी लहरिया, घरपोच." लोक बघतात आणि पुढे जातात. भाभी विचारतात, "कोई आया?" मी सांगते, चाळीस आले. "बैठे?" नाही, बसले नाहीत. त्यांच्या हिशेबात दुकानात शिरून न बसणारा माणूस आलाच नाही. खरं तर त्यांचंच बरोबर आहे.

२२ जुलै, मंगळवार

सापडलं! आज इतकी खूश आहे की भाताला फोडणी दोनदा घातली.

काल भाभी त्यांच्या कंचनबद्दल बोलत होत्या. फेब्रुवारीत लग्न होऊन ती गुवाहाटीला गेली. तिची ही पहिली बडी तीज. तीजेच्या आदल्या दिवशी मुलीला माहेरून सिंजारा जातो: लहरिया, मेंदी, बांगड्या, मिठाई. पहिल्या वर्षी तर सासरची सगळी बायकामंडळी तो उघडून बघायला बसतात. "कपड़ा नहीं देखतीं, मीनाक्षीजी. ये देखती हैं कि पीछे कोई है कि नहीं," भाभी म्हणाल्या.

मी लगेच दोन जाहिराती शेजारी शेजारी लावल्या. एक जुनी. दुसरी: "बेटी की पहली तीज? सिंजारा जयपुर से." निम्म्या लोकांना ही दिसेल, निम्म्यांना ती. संध्याकाळपर्यंत दुसरीने पहिलीला चारी मुंड्या चीत केलं. कोलकाता, सिलिगुडी, रायपूर, हुबळी, जिथे जिथे मारवाडी माणूस पोचलाय तिथून मागण्या. जुनी जाहिरात बंद, सगळे पैसे नवीवर. हेच तर तंत्र आहे. आपलं मत गुंडाळून ठेवायचं, आकडा म्हणेल तिकडे वळायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल छोटी तीज झाली. श्रावण शुद्ध तृतीया, माझ्या सांगलीच्या दिनदर्शिकेत पाहिलं होतं, दिवस बरोबर निघाला. तिच्यासाठीची थोडी पार्सलं वेळेवर पोचली. एका बाईने फोटोही पाठवला. भाभींनी तो प्रिंट काढून दुकानात लावलाय.

आज त्या भाईसाहबांना घेऊन अहमदाबादला गेल्या. तिथे डॉक्टर तपासून बघणार, मग व्यायामाचे उपचार. किती दिवस लागतील माहीत नाही. रिक्षात बसताना म्हणाल्या, "भादवा बदी तीज है, आपको तो सब पता है. माल निकालना आपके भरोसे." कंचनचा सिंजाराही माझ्याकडे देऊन गेल्या. त्यातला केशरी लहरिया त्यांनी रंगाऱ्याकडून पुन्हा बांधून घेतला, पहिल्या खेपेला लाट सरळ आली नव्हती म्हणून.

रात्रीचं जेवण झाल्यावर दिनदर्शिका काढली. भाद्रपद वद्य तृतीया, १८ सप्टेंबर. भरपूर वेळ आहे. पितृपंधरवड्यात सण कसा काय, हा प्रश्न पडला खरा. इथली रीत वेगळी असेल. भाभींना विचारायचं राहिलं.

९ ऑगस्ट, शनिवार

आलेख बघून छाती दडपते. "बडी तीज", "सातुडी तीज" (तिचंच दुसरं नाव) शोधणाऱ्यांचा आकडा रोज चढतोय. महिनाभर आधी ही तऱ्हा, तर ऐन वेळी काय होईल! विनयला दाखवलं. तो म्हणाला, "इतक्या लवकर शोधतात होय लोक?" मी म्हटलं, मुलीची पहिली तीज असली की आई लवकरच कामाला लागते. हे वाक्य मला फार आवडलं. जाहिरातीत वापरता येईल.

निर्णय घेतलाय. जाहिरातीचे निम्मे पैसे राखून ठेवायचे आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदम ओतायचे. पार्सलही तेव्हाच, एकगठ्ठा. कुरियरवाला दर कमी करतोय आणि मेंदीचे कोन ताजे जातील. तोवर डबे आमच्या झोपायच्या खोलीत. विनय पलंगाच्या एका कडेला झोपतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

विचारणा फार. "तीज से पहले आ जाएगा ना?" एकेकाला उत्तर लिहिण्यात सकाळ जाते. म्हणून आज साइटवर सोय करून टाकली, चौकशीला आपोआप उत्तर जातं: "निश्चिंत रहिए, आपका सिंजारा तीज से बहुत पहले पहुँचेगा." दुपारपासून डोक्याला शांतता. ही सोय आधीच करायला हवी होती.

दुपारी कंचनचा फोन. आधी इकडचं तिकडचं, गुवाहाटीचा उकाडा, भाईसाहबांची तब्येत. मग म्हणाली, "आंटी, वो... मम्मी ने कुछ भेजा है क्या? मतलब, ऐसे ही पूछ रही थी." मी म्हटलं, "अरे, भेजेंगे, बहुत टाइम है." ती म्हणाली, "जी. आपने सोचा ही होगा." नव्या सुनेला धीर नसतो, दुसरं काय. आमच्याकडे पहिल्या मंगळागौरीला मीही आईला तीन पत्रं लिहिली होती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मागण्या एकदम बंद. काल दिवसभरात एक. आज एकही नाही. लोक शोधतायत, येतायत, घेत नाहीत. रंग बदलला, मथळा बदलला, किंमत खाली आणली. काही उपयोग नाही.

भाभींचा फोन आला तेव्हा म्हटलं, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. त्या म्हणाल्या, "निकल गया ना सब?" मी म्हटलं, "सब प्लॅन के हिसाब से." ते खोटं नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार

काल राखी झाली. आज सबंध बिल्डिंगमध्ये हरभऱ्याची डाळ भाजल्याचा वास आहे. समोरच्या घरातल्या सासूसुना गॅलरीत बसून मेंदीचे कोन निवडत होत्या. विनय म्हणाला, "काहीतरी सण दिसतोय." मी म्हटलं, इथल्या बायकांना मेंदीला निमित्त लागत नाही. मला वर बघायलाही सवड नाही. पडलेला आलेख का पडला, ते सापडत नाहीये.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सहा वाजता अहमदाबादहून भाभींचा फोन. आवाज क्षीण. मला वाटलं भाईसाहबांचं काही. म्हणाल्या, "नहीं नहीं, वो ठीक हैं, आज पाँच कदम चले. मैंने सुबह से पानी नहीं पिया, इसलिए. चाँद देखकर सत्तू खाऊँगी, फिर कंचन को फोन करूँगी. अभी करूँगी तो वो पूछेगी मम्मी आपने कुछ खाया कि नहीं."

मी विचारलं, "आज कसला उपास?" मराठीतच विचारलं, भान नव्हतं.

"आज बड़ी तीज है ना, मीनाक्षीजी."

माझी नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे गेली. त्या म्हणाल्या, "आवाज नहीं आ रही, बाद में करती हूँ."

दिनदर्शिका भिंतीवरून ओढून काढली. आज श्रावण वद्य तृतीया. श्रावण! आणि मग लख्ख कळलं. आपला महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. राखी झाली की यांचा भादवा सुरू. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, म्हणून छोटी तीज बरोबर निघाली आणि मी स्वतःवर खूश झाले. वद्य पक्षात हे आपल्यापेक्षा एक महिना पुढे. हे मला माहीत होतं. शाळेतल्या मुलांना मी हे सांगितलेलंसुद्धा आहे! पण या घरातल्या भिंतीवर सांगलीचा कागद टांगलेला होता आणि मी तीन वर्षं जयपुरात राहून त्यातूनच बघत होते.

खोलीत डबे छतापर्यंत. एकेका डब्यावर एकेका मुलीचं नाव. सिंजारा काल होता.

विनय ऑफिसातून आला, मी पलंगावर डब्यांच्या मध्ये बसलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

२० ऑगस्ट, बुधवार

कंचनला फोन केला. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच कुजबुजत म्हणाली, "आंटी, एक मिनट." दार लावल्याचा आवाज आला.

"मैंने सासूमाँ को बोल दिया कि पार्सल आ गया."

परवा दुपारी ती एकटीच बाजारात गेली. कॉलेजात असतानाच्या साठवणीतून एक लहरिया घेतला, केशरीच. दुकानदाराकडून जुना खोका मागून घेतला, त्यावर जयपूरचा पत्ता स्वतःच लिहिला. संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडला. सासूबाईंनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, माहेर तालेवार आहे.

"मम्मी को मत बताना, आंटी. वो वैसे ही परेशान हैं."

मी म्हटलं, अगं, विचारलंस तेव्हा स्पष्ट का नाही बोललीस? तीज आठवड्यावर आलीय म्हणून? ती म्हणाली, "सिंजारा माँगते थोड़ी हैं, आंटी."

फोन ठेवला आणि खूप रडले.

साइटचा ईमेल उघडायचा धीर दुपारी झाला. एका सासऱ्याने लिहिलंय, आमच्या सुनेच्या माहेरच्यांना तुम्ही खोटं पाडलंत.

आता सगळ्यांनी पैसे परत मागितले तर दुकान गेलंच. दोन मजकूर तयार केलेत. पहिला: बिहारच्या पुरात गाड्या अडकल्या, कुरियरची माणसं पाण्यातून वाट काढतायत, क्षमस्व, माल लवकरच पोचेल. दुसरा: चूक सर्वस्वी आमची, तीज कधी ते आम्ही चुकीचं पाहिलं, पैसे हवे असल्यास परत करू.

दोन्ही थोड्या थोड्या लोकांना पाठवले. कुठला चालतो ते बघायचं. मला दुसरं काही येतच नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उत्तरं आली. खरं सांगितलं त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी पैसे मागितले, वर सुनावलं. पूर सांगितला ते किती गोड बोलले! "कोई बात नहीं, भगवान सबको सलामत रखे, जब आए तब भेज दीजिए."

विनयला म्हटलं, आकडा काय सांगतोय बघ. तो म्हणाला, "आकडा नेहमी तू विचारलेलंच सांगतो." मला राग आला. त्याचं दुकान जात नाहीये. भाभींचं जातंय, आणि माझ्यामुळे जातंय.

उरलेल्या सगळ्यांना पुराचा मजकूर पाठवला. बटण दाबताना काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवते. नंतर वाटलं. पार्सलं सगळी आजच निघाली, कंचनचं तेवढं मागे ठेवलं, नाहीतर तिचं बिंग फुटलं असतं. खोली रिकामी झाली, तरी मला झोप लागेल असं वाटत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल भाभी परतल्या. आज दुकानात बोलावलं. मला वाटलं कळलं. पण त्या गादीवर बसून हसत होत्या, समोर जेठजी. "आइए, आइए," आणि माझा हात धरून जेठजींना म्हणाल्या, "इन्हीं का कमाल है."

गुवाहाटीहून विहीणबाईंचा फोन येऊन गेला होता. कंचनच्या लहरियाचा रंग इतका आवडला की त्यांच्या मंडळातल्या अकरा जणींना तस्साच हवाय, नवरात्राच्या आत. पाच वाजता पुन्हा फोन करणार होत्या, नक्की करायला. जेठजींनी डोळे बारीक करून हिशेब केला असावा. ते म्हणाले, "ऐसा है तो दिवाली तक देख लेते हैं." आणि चहा न घेता गेले.

दुकान वाचलं होतं. मी एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं.

भाभी समोरच्या फळीवरचा केशरी लहरियाचा तागा खाली काढायला लागल्या. "यही वाला था ना? आपने तो पैक किया था." त्यांनी तो माझ्यापुढे उलगडला, लाट नीट दिसावी म्हणून उजेडाकडे धरला. मला ते बघवेना.

सांगितलं. सगळं. माझी दिनदर्शिका, डबे, आपोआप जाणारं उत्तर, पूर. आणि कंचनने नको सांगितलं होतं, तरी तिने स्वतःच बाजारातून लहरिया आणल्याचंही सांगितलं. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत.

भाभी ताग्याची घडी घालत राहिल्या. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाल्या, "अकेली गई थी?"

"हो."

"अपना सिंजारा आप लाई." घडी चुकली, त्यांनी पुन्हा उलगडली. "उस दिन फोन पर इतनी हँस रही थी. मैंने सोचा, ससुराल में मन लग गया."

मग त्या रडल्या. दुकानाविषयी एक अक्षर नाही. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकल्या, "ये सब मत करो." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला जी लावलं नाही.

पाच वाजता फोन वाजला. विहीणबाई. भाभींनी आधी डोळे पुसले, मग पदर डोक्यावर घेतला, फोनवरसुद्धा, आणि मग उचलला. खरं सांगितलं तर कंचनचं काय होणार? भाभी एकदम मऊ आवाजात बोलत होत्या. "जी समधनजी, आपका बड़प्पन है. पर वो रंग तो अब नहीं बनेगा. रंगरेज ने एक ही बार उठाया था, बिटिया के लिए. नहीं जी, दूसरा दूँगी तो आप कहेंगी ठग लिया. माफ़ कीजिए." दोनदा तिकडून आग्रह झाला. दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. अकरा साड्या गेल्या, आणि त्यांच्यामागून जेठजींनी दिलेली दिवाळीपर्यंतची मुदत.

फोन खाली ठेवून म्हणाल्या, "कंचन की बात कंचन की है. वो नहीं खुलेगी, उसको भी मत बताना कि मुझे पता है. बाकी सबको फोन करो. मेल नहीं, फोन. मैं बैठी हूँ."

मी म्हटलं, "भाभी, सगळे पैसे मागतील. दुकान जाईल."

"हाँ," त्या म्हणाल्या. "लगाओ."

माझ्याकडच्या कागदावर पहिलं नाव सिलिगुडीच्या एका बाईंचं होतं, मोठ्या सुनेसाठी मागवलेला हिरवा लहरिया; काही घरांत सासूही सुनेला सिंजारा देते. पुराचा मजकूर वाचून त्यांनी सगळ्यांत लांब, सगळ्यांत मायेचं उत्तर लिहिलं होतं. फोन त्यांनीच घेतला. पार्सल मिळालं, म्हणाल्या, आजच. मी म्हटलं, पूर वगैरे काही नव्हता तुमच्या पार्सलच्या वाटेत, पार्सल माझ्या घरी पडून होतं, तीज मी चुकवली आणि वर खोटं लिहिलं.

मागे भांड्यांचा खणखणाट. मग त्या म्हणाल्या, "मेरी बहू चार दिन से आपके कुरियरवालों के नाम का दीया जला रही है. कि बेचारे पानी में से निकल आएँ."

मी माफी मागितली. त्यांनी फोन ठेवून दिला.

रिसीव्हर माझ्या हातातच राहिला. भाभींनी तो काढून घेतला, चष्मा नाकावर चढवला, कागद स्वतःकडे ओढला आणि पुढचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत फिरवायला लागल्या.